तूरला गेलात तर सेंट मार्टिनचं चर्च असं बघा

फ्रान्समधल्या तूर शहरात जाणार असाल तर एक सांगते, सेंट मार्टिन (चौथ्या शतकातले तूरचे बिशप) यांच्या बॅसिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, आत थेट घुसू नका, आधी बाहेर र्यू दे आल या रस्त्यावर या. तिथे दोन जुने टॉवर सुटेसुटे उभे दिसतात, एक क्लॉक टॉवर आणि एक शार्लमेन टॉवर, आणि बरेच जण दोन वेगळ्या इमारती समजून फोटो काढून पुढे जातात. पण हे दोन्ही एकाच प्रचंड मध्ययुगीन चर्चचे तुकडे आहेत! क्लॉक टॉवर पश्चिमेच्या दर्शनी बाजूचा, शार्लमेन टॉवर उत्तरेच्या बाजूचा. क्लॉक टॉवरपासून सुरुवात करून पूर्वेकडे चालत जा, म्हणजे तुम्ही जुन्या चर्चच्या मधूनच चालताय, कारण फ्रेंच क्रांतीनंतर १७९७ मध्ये छत कोसळलं, मग उरलेलं पाडून तिथूनच रस्ता काढला. खरंच अंगावर काटा येतो.

शार्लमेन टॉवरजवळ जरा थांबाच. १९२८ मध्ये त्याचा मोठा भाग ढासळला होता, तो नंतर पुन्हा बांधलाय. वर जायचं असेल तर गाइडेड टूरच्या वेळा टुरिस्ट ऑफिसला आधी विचारून घ्या.

मग रस्त्याच्या दक्षिणेला घुमटवाली नवी बॅसिलिका. आर्किटेक्ट व्हिक्टर लालू, पॅरिसचं ऑर्से म्युझियम ज्या जुन्या स्टेशनात आहे ते पण त्याचंच काम. ही जुन्या चर्चपेक्षा बरीच लहान आहे. आत गेल्यावर खाली तळघरात नक्की उतरा, सेंट मार्टिनची कबर तिथे आहे, १८६० मध्ये ती जागा परत सापडली म्हणून तर हे नवं चर्च इथे उभं राहिलं.