लॅपटॉप चालूच होत नाहीये? दुरुस्तीला द्यायच्या आधी हे करून बघा

रात्री व्यवस्थित बंद केलेला लॅपटॉप सकाळी बटण दाबलं की ढिम्म, लाइट नाही, आवाज नाही, काहीच नाही, आणि नेमकं त्याच दिवशी काहीतरी महत्त्वाचं काम असतं. अशा वेळी पोटात गोळा येतो आणि हात सारखा बटणाकडेच जातो. आधी ते थांबवा. वीस वेळा बटण दाबून काही होत नाही, आणि आत ओल गेली असेल किंवा कुठे शॉर्ट असेल तर प्रत्येक वेळी आत करंट जाऊन नुकसान वाढतच जातं. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, लॅपटॉप बंद पडला म्हणजे डेटा गेला असं नसतं, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, त्यामुळे घाबरून कोणालाही "करा काय ते, फॉरमॅट मारा पण चालू करून द्या" असं सांगू नका.

आता "चालू होत नाही" असं सगळेच म्हणतात पण त्याचे तीन प्रकार आहेत आणि तिघांचे रस्ते वेगळे. एक म्हणजे पूर्ण मेलेला, कुठलीच लाइट लागत नाही, फॅन फिरत नाही. दुसरा म्हणजे लाइट लागते, फॅनचा आवाज येतो पण स्क्रीन काळी. तिसरा, कंपनीचा लोगो येतो आणि तिथेच अडकतो किंवा परत परत रीस्टार्ट होतो. तुमचा कुठला आहे ते शांत खोलीत कान जवळ नेऊन, कीबोर्डच्या वरच्या भागावर हात ठेवून नीट बघा, अगदी बारीक थरथर किंवा एक क्षणभर लागलेली लाइट सुद्धा खूप काही सांगते.

सुरू करण्याआधी या तीनपैकी एक जरी गोष्ट असेल तर पुढच्या पायऱ्या करू नका. जळका वास येतोय, लॅपटॉपवर पाणी किंवा काही पेय सांडलंय, किंवा बॅटरी फुगलीये. बॅटरी फुगली की टचपॅड वर येतो, खालचं झाकण कडेने उचकटल्यासारखं दिसतं, टेबलावर ठेवला तर लॅपटॉप डगडगतो. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जर तर अजिबात लावायचा नाही, थेट जाणत्या माणसाकडे न्यायचं. पाणी सांडलं असेल तर चार्जर काढा, बटण दाबून धरून पूर्ण बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि उघडून तंबूसारखा उलटा ठेवा. तांदळात ठेवायचा उपाय सोडून द्या, तो आतली घाण काढत नाही, आणि खरं नुकसान त्या घाणीनं गंज चढून होतं, म्हणून वरून सुकलेला दिसला तरी आतून साफ करून घेतल्याशिवाय चालू करून बघू नका.

पायरी १: वीज खरंच पोचतेय का

एक्स्टेन्शन बोर्ड मधून काढून टाका, चार्जर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा. त्या सॉकेटवर आधी दुसरं काहीतरी चालवून बघा, टेबललॅम्प म्हणा, फोन म्हणा. मग अडॅप्टर. बऱ्याच अडॅप्टरची केबल दोन तुकड्यांत असते, भिंतीपासून ठोकळ्यापर्यंतची एक आणि ठोकळ्यापासून लॅपटॉपपर्यंतची दुसरी, आणि यातली पहिली ठोकळ्यात अर्धवट बसलेली असणं हे इतक्या वेळा पाहिलंय की ती काढून परत गच्च बसवल्याशिवाय मी पुढे जातच नाही.

अडॅप्टरवर छोटी लाइट असेल तर तिच्याकडे नीट लक्ष द्या कारण ती फुकटात निदान करून देते. अडॅप्टर फक्त भिंतीला लावा, लॅपटॉपला नाही. लाइट लागलीच नाही तर अडॅप्टर किंवा केबल गेलीये. लागली तर आता पिन लॅपटॉपमध्ये घाला आणि घालता घालता लाइटकडेच बघत रहा. पिन आत जाताच लाइट विझली आणि बाहेर काढल्यावर थोड्या वेळानं परत लागली, तर लॅपटॉपच्या चार्जिंग जॅकमध्ये किंवा मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) शॉर्ट असण्याची शक्यता जास्त, अडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद होतोय. असं दिसलं तर परत परत लावून बघू नका, हे घरी सुटणारं काम नाही, थेट दुरुस्तीला. (काही अडॅप्टरला लाइट नसतेच, तेव्हा ती नाही म्हणून अडॅप्टर मेला असं समजू नका.)

दुसऱ्याचा चार्जर लावून बघायचा असेल तर ठोकळ्यामागचं लेबल वाचा. आउटपुट म्हणून लिहिलेलं असतं, समजा १९.५ व्होल्ट आणि ३.३४ अँपिअर, म्हणजे गुणाकार केला की साधारण ६५ वॅट. व्होल्ट तोच हवा, अँपिअर तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी नको, आणि पिन तीच हवी. काही कंपन्यांच्या गोल पिनच्या मधोमध सुईसारखी बारीक पिन असते, तिच्यातून लॅपटॉपला अडॅप्टरची ओळख पटते, ती वाकली किंवा तुटली तर लॅपटॉप चार्जरवर चालतो पण बॅटरी चार्जच होत नाही आणि चार्जर काढला की बंद.

टाइप-सी वाल्यांची गंमत वेगळी आहे. चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात बोलून किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतात, सुरुवात ५ व्होल्टपासून होते आणि बहुतेक लॅपटॉप २० पर्यंत मागतात, त्यामुळे फोनचा साधा चार्जर पिन बसली म्हणून लावला तर रिकाम्या बॅटरीचा लॅपटॉप त्याच्यावर उठेलच असं नाही. केबलही बघा, साधी केबल ६० वॅटपर्यंतच नेते. आणि प्रत्येक टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतोच असं नाही, दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा, टॉर्च मारून आत कापसासारखा धुरळा बसलाय का बघा, असेल तर चार्जर काढलेला असताना लाकडी टूथपिकनं हलक्या हातानं काढा, धातूची टाचणी नको.

पायरी २: उरलेली वीज काढून टाकणं

पूर्ण मेल्यासारख्या लॅपटॉपवर हा उपाय इतक्या वेळा चालतो की मी सगळ्यांना आधी हाच सांगतो. लॅपटॉप बंद असला तरी आत एक छोटा कंट्रोलर जागाच असतो, तुम्ही बटण दाबलं हे त्यालाच कळतं आणि चार्जिंगही तोच बघतो. कधी कधी तो अडकतो, मग बटण दाबलं तरी ऐकणारंच कोणी नसतं. त्याची वीज पूर्ण काढली की तो पहिल्यापासून सुरू होतो.

चार्जर काढा, माउस, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरचा मॉनिटर सगळं काढा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा. आता पॉवर बटण दाबून ३० सेकंद धरा, घड्याळ लावून धरा, मनातल्या मनात मोजलेले तीस हे पंधराच भरतात. सोडा. बॅटरी न घालता फक्त चार्जर लावून बटण एकदाच दाबा. चालू झाला तर बॅटरीवर संशय. बॅटरी आत बंद असेल तर सरळ चार्जर लावून बघा. काही मॉडेलना खालच्या बाजूला टाचणी जाईल एवढं रीसेटचं भोक असतं, त्यात पेपरक्लिपचं टोक घालून काही सेकंद दाबलं की आतल्या बॅटरीचं कनेक्शन तात्पुरतं तुटतं, पण ते रीसेटचंच आहे ना हे मॅन्युअलमध्ये बघूनच करा, शेजारचं भोक माइकचंही असू शकतं. मॅकबुकवर पॉवर बटण १० सेकंद धरून सोडायचं आणि मग परत एकदा दाबायचं.

लॅपटॉप कित्येक महिने कपाटात पडून होता? मग बॅटरी पार तळाला गेलेली असेल. चार्जर लावून अर्धा ते एक तास हात लावू नका.

पायरी ३: लाइट आहे पण स्क्रीन काळी

इथे पहिला प्रश्न असा की मशीन मेलंय की फक्त दिसत नाहीये. कॅप्स लॉक दाबा. त्याची लाइट लागते विझते? मग आत सगळं जिवंत आहे. ब्राइटनेस वाढवायचं बटण दाबा. विंडोज असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कीज एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो, बीप येऊन स्क्रीन लुकलुकते.

नसेल होत तर खोलीत अंधार करा आणि फोनचा टॉर्च स्क्रीनला अगदी चिकटवून तिरका मारा. माझ्या बहिणीचा लॅपटॉप प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री असाच काळा पडला होता, ती रडकुंडीला आलेली, टॉर्च तिरका धरल्यावर काचेच्या आत धुक्यातून दिसावं तसं घड्याळ दिसलं आणि त्याच्या मागे तिचा वॉलपेपर. म्हणजे चित्र येत होतं, फक्त मागचा उजेड गेला होता. एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडला आणि तिनं रात्रीत काम पूर्ण केलं, स्क्रीनची केबल नंतर बदलली. तुम्हीही बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही लावून बघाच, बाहेर चित्र आलं तर स्क्रीन, तिची केबल किंवा बॅकलाइट, आणि बाहेरही काही नाही तर पुढचा संशय रॅमवर, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीवर.

रॅम काढून परत बसवणं हे काम वाटतं तेवढं अवघड नाही पण घाई नको, आणि वॉरंटी असेल तर आधी तिच्या अटी बघा. चार्जर काढा, खालचं झाकण उघडा, आतल्या बॅटरीचा कनेक्टर हलक्या हातानं सोडवा, कुठल्यातरी धातूच्या मोठ्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. रॅमच्या दोन्ही बाजूच्या चिमट्या बाहेर ढकलल्या की पट्टी आपोआप तिरकी वर येते. तिच्या सोनेरी टोकांवर मऊ खोडरबर एक दोनदा हलकं फिरवा, कण झटका, आणि तशीच तिरकी खाचेत पूर्ण आत सरकवून खाली दाबा, टक् असा आवाज यायला हवा. दोन पट्ट्या असतील तर एकावेळी एकच लावून आलटून पालटून बघा. आता एक महत्त्वाचं, रॅम हलवल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन एखाद दोन मिनिटं काळीच राहू शकते, विशेषतः डीडीआर५ या नव्या प्रकारच्या रॅममध्ये, लॅपटॉप रॅम तपासून घेत असतो, तेव्हा लगेच बंद करू नका. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे हा उपाय नाही.

बीप वाजतात किंवा एखादी लाइट ठराविक पद्धतीनं लुकलुकते? तो कोड आहे. फोननं व्हिडिओ काढा आणि नंतर शांतपणे मोजा, मग तुमच्या मॉडेलच्या कोडशी ताडून बघा. डेलच्या अनेक मॉडेलवर डी की धरून पॉवर दाबलं की स्क्रीनची चाचणी होते, वेगवेगळे रंग येतात. एचपीच्या अनेक मॉडेलवर बायोस (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं, बोर्डवरचं सॉफ्टवेअर) बिघडलं असेल तर विंडोज आणि बी धरून पॉवर दोन तीन सेकंद दाबलं की ते परत बसवायचा प्रयत्न होतो.

पायरी ४: लोगोवर अडकतोय

मग विजेचा प्रश्न जवळपास मिटलाच. पेनड्राइव्ह आणि कार्ड काढून बघा. अपडेट चालू असल्याचं लिहून येत असेल तर थांबा, बायोस अपडेटच्या मध्ये वीज तोडली तर चांगला लॅपटॉप खरंच मरतो. तसं काही नसेल आणि बराच वेळ हलतच नसेल तर लोगो असताना बटण धरून बंद करा, असं दोन तीन वेळा झालं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा आणतं, तिथून स्टार्टअप रिपेअर किंवा सेफ मोड. बिटलॉकरनं (डेटा कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) ४८ अंकी की मागितली तर घाबरू नका, लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर बहुतेक वेळा ती तिथेच सेव्ह असते, फोनवरून लॉगिन करून बघा.

एवढं करूनही नाही उठला तर दुरुस्तीला द्या, पण देताना "बंद आहे" एवढंच सांगू नका. अडॅप्टरची लाइट पिन घातल्यावर विझते का, कॅप्स लॉक लागतो का, बाहेरच्या मॉनिटरवर काय आलं, किती बीप, काय काय करून झालं हे सगळं कागदावर लिहून द्या. त्याच कागदावर "डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" हेही लिहा आणि सही घ्या. एसएसडी (तुमच्या फाइल्स जिच्यात साठवलेल्या असतात ती) सुटी निघणारी असेल तर ती आधीच काढून स्वतःकडे ठेवा, तिच्या प्रकारची यूएसबीला जोडायची केस मिळते, त्यात घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फाइल्स दिसतात, एन्क्रिप्शन असेल तर तीच की लागेल. अलीकडच्या मॅकबुक आणि काही पातळ मॉडेलमध्ये स्टोरेज बोर्डवरच असतं, तिथे बोर्ड बदलला की डेटा गेला, म्हणून तिथे "बोर्ड बदलू नका, हाच दुरुस्त होतो का आधी बघा" असं स्पष्ट सांगा.