ट्रॅकवरच्या ड्रायव्हिंग स्कूलला जायचं ठरवताय? आधी या चुका टाळा

पावसाळा संपला की दोन-चार पोरं हमखास विचारतात, ते रेसिंगवाल्यांचं ट्रेनिंग असतं ना ट्रॅकवर, जाऊ का? गोव्यात गो-कार्ट सोडली तर ट्रॅक नाहीच, त्यामुळे कोइंबतूर नाहीतर चेन्नई गाठावं लागतं, म्हणजे फी, प्रवास, हॉटेल सगळं आलं. एवढं करून लोक त्याच त्याच चुका करतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

"मी चोर्ला घाट मारतो, मला बेसिक नको"

ही माझी सगळ्यात लाडकी. माझा म्हापशाचा भाचा, साखळीहून बेळगाव दोन तासांच्या आत हे त्याचं सर्टिफिकेट. "मामा, मला डायरेक्ट अ‍ॅडव्हान्सवालं सांग." म्हटलं आधी गाडीत बसून दाखव. सीट एवढी मागे टाकलेली की क्लच दाबताना अख्खा माणूस पुढे सरकतोय. पाठ टेकलेली ठेवून हात सरळ केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यायला हवं, याची जेमतेम बोटं पोचत होती. उद्या गाडी घसरली तर हा स्टिअरिंग फिरवणार नाही, त्याला लोंबकळणार.

घाटात फास्ट जाणारे बहुतेक जण वळणात शिरल्यावर ब्रेक मारतात आणि समोरून कदंबाची बस आली नाही म्हणून घरी पोचतात. टायरची पकड असते तेवढीच असते मरे, तीच ब्रेकला लागते आणि तीच वळायला, दोन्हीकडे एकदम मागितली की गाडी सरळ चालती होते. स्कूलमध्ये पहिल्या दिवशी हेच घोटून घेतात, ब्रेक सरळ रेषेत, मग वळण, आणि नजर बोनेटसमोर नाही तर जिथून बाहेर पडायचंय तिथे. दहा वर्षांची सवय कोणी परका माणूस शेजारी बसून मोडणार हे सहन होणार नसेल तर जाऊ नका, ते पैसे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उडवा, निदान चोरीस (गोव्याची सॉसेजं) तरी घरी येतील.

स्वतःची गाडी तशीच घेऊन जाणं

इथे शहाणपण शिकवायचा मला पूर्ण हक्क आहे कारण हा गाढवपणा मी स्वतः केलाय. पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडी धुतली, पॉलिश मारलं, टायर बघितले, आणि ब्रेक ऑइल? ते कोण बघतो. गाडी घेतल्यापासून पाच वर्षं तेच. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि आपल्याकडे पावसात कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते तिथे ते कोरडं कसं राहणार. डॉट ४ ग्रेडचं नवं ब्रेक ऑइल २३० डिग्रीच्या आत उकळत नाही, पाणी प्यायलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, ब्रेक नाही.

चौथ्या लॅपला सरळ पट्टीच्या टोकाला पाय ठेवला आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली. दोनदा पंप केलं, थोडं काहीतरी लागलं, गिअर खाली टाकला आणि गाडी गवतात. शेजारचा इन्स्ट्रक्टर काही बोलला नाही, फक्त घाम पुसला. दुपारभर मी बाकीच्यांच्या गाड्या बघत बसलो.

तेव्हापासून दर दोन वर्षांनी मी ऑइल बदलतो, ट्रॅकला जायचं असेल तर आधीच्या आठवड्यात, आणि ब्रेक पॅड चाक काढूनच बघतो. गराजवाला "अजून चालेल" म्हणाला तरी. त्याला फक्त पर्वरीपर्यंत चालवायचीय. आणि खरं सांगू तर पहिल्या वेळी स्कूलचीच गाडी मिळत असेल तर ती घ्या, ट्रेनने जा. मडगावहून कोइंबतूरला गाडी आहे, येताना झोपून येता येतं.

बाकी पटापट.

इन्शुरन्स आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, कागद वाचा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा, नक्षी कितीही शिल्लक असो, असला जुना टायर नेऊ नका. फ्लोअर मॅट आणि पाण्याची बाटली काढा. चपला नकोत, पातळ तळाचे बूट. पहिल्याच वेळी फॉर्म्युला गाडीत (उघड्या चाकांची एकसीटर रेसिंग कार) बसून फोटो काढायची घाई असेल तर फोटोच येईल.

आणि फास्ट व्हायला जात असाल तर थोडं थांबा. मला तिथून सगळ्यात उपयोगी पडलं ते पूर्ण ताकदीने ब्रेक मारणं. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागला की पेडल पायाखाली थरथरतं, माणूस घाबरून पाय उचलतो, आणि तिथेच गाडी थांबायची ती पुढे जाते. मी स्वतः पहिल्या तीन वेळा उचलला. मग जूनच्या पहिल्या पावसात बांबोळीच्या उतारावर रेंटची स्कूटर आडवी आली तेव्हा नाही उचलला.

भाच्याने शेवटी बेसिकच बुक केलंय. सीटही पुढे घेतलीय, फक्त आता गुडघा लागतो म्हणून रोज फोन करतो.