७० वर्षांवरच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड कोणाला मिळतं

घरात आजी-आजोबा, आई-बाबा कोणी ७० पूर्ण झालेलं असेल तर आयुष्मान भारत या सरकारी मोफत उपचार योजनेचं हे कार्ड लगेच काढून घ्या, उत्पन्नाची अट नाहीये, रेशन कार्डचा रंगही कोणी बघत नाही. वय आधारवरचंच धरतात, म्हणून जन्मतारीख चुकीची असेल तर आधी ती दुरुस्त करा, नाहीतर तिथेच गाडी अडते. मग आयुष्मान ॲपवर ई-केवायसी, ओटीपी, फोटो, झालं. कव्हर वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण नवरा-बायको दोघंही ७० च्या वर असतील तर दोघांत मिळून. प्रायव्हेट पॉलिसी असली तरी चालतं, सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना), ईसीएचएस (माजी सैनिकांची) वाल्यांना मात्र एकच काहीतरी निवडावं लागतं. जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर, फक्त ॲडमिट व्हावं लागतं आणि हॉस्पिटल योजनेत आहे का ते आधीच १४५५५ वर विचारून ठेवा.