‘जुना पार्ट आणलाय का?’ – गाडीचा पार्ट ऑनलाइन शोधताना या चुका टाळा

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या कुठल्याही जुन्या दुकानात जा, काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला: "जुना पार्ट आणलाय का?" गाडी कुठली, मॉडेल कुठलं, हे सगळं नंतर. नसेल आणला तर मान वर न करता उत्तर येतं, "मग घेऊन या." मला हा पुणेरी तुसडेपणा वाटायचा. मग एकदा मी साइड मिरर ऑनलाइन मागवला आणि त्या प्रश्नाची किंमत कळली.

शनिवार पेठेतल्या एका बोळात टेम्पोने माझ्या स्विफ्टचा डावा आरसा उडवला. गाडी २०११ ची. वेबसाइटवर कंपनी निवडली, मॉडेल निवडलं, वर्ष टाकलं, काळ्या आरशाचा फोटो बघितला आणि पैसे भरले. चार दिवसांनी खोकं आलं. आरसा दाराला लावून बघतो तर बुडाचा आकारच जुळेना. झालं असं होतं, की ऑगस्ट २०११ मध्ये स्विफ्टची दुसरी पिढी बाजारात आली आणि माझी गाडी त्याच वर्षाच्या मे महिन्यातली, म्हणजे पहिल्या पिढीची. ‘स्विफ्ट २०११’ या एका नावाखाली दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत. त्यात आलेला आरसा इलेक्ट्रिक, वर इंडिकेटरवाला. माझा आतल्या नॉबने फिरवायचा. डावी बाजू तेवढी बरोबर होती.

कॅटलॉग, म्हणजे वेबसाइटवरची पार्टांची यादी, चुकला नव्हता. पेठेतला दुकानदार जे विचारतो ते कॅटलॉग विचारत नाही, एवढंच. ते आपलं आपल्याला विचारावं लागतं.

आरसीवरची चुकीची तारीख बघणं

‘गाडी कितीची?’ या प्रश्नाला आपण नोंदणीचं वर्ष सांगतो. कॅटलॉगला हवा असतो निर्मितीचा महिना आणि वर्ष. डिसेंबरात कारखान्यातून निघालेली गाडी शोरूममध्ये उभी राहून फेब्रुवारीत पासिंग होते, आणि मालक आयुष्यभर तिला एक वर्ष लहान समजतो. आरसीवर दोन्ही तारखा असतात. निर्मितीची ओळ शोधा.

धुराच्या नियमांचाही यात हात आहे, आणि पुण्यात तो जरा जास्तच. देशभर बीएस-४ (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या नियमांचा चौथा टप्पा) लागू झालं १ एप्रिल २०१७ ला. पण पुणे, मुंबई आणि सोलापूर ही त्या तेरा शहरांतली, जिथे ते २०१० मध्येच आलं होतं. मधल्या काळात राज्याच्या बहुतेक भागात बीएस-३ गाड्या विकल्या जात होत्या. त्यामुळे बाहेरगावाहून घेतलेली २०१३ ची सेकंडहँड गाडी आणि कोथरूडमध्ये घेतलेली २०१३ ची तीच गाडी, दोघींचा ऑक्सिजन सेन्सर, सायलेन्सरचा पुढचा भाग किंवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) वेगळा असू शकतो. इंजिन किंवा एक्झॉस्टमधलं काही मागवत असाल तर वर्षाच्या जोडीला बीएस किती हेही तपासा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना हे आणखी लागू.

चेसिस नंबर हाताशी असून न वापरणं

सतरा अक्षर-अंकांचा चेसिस नंबर हे गाडीचं खरं नाव. पहिल्या तीन जागांवरून कंपनी कळते: मारुतीचा नंबर ‘एमए३’ने सुरू होतो, टाटाचा ‘एमएटी’ने, ह्युंदाईचा ‘एमएएल’ने. या नंबरात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरं कधीच नसतात. तेव्हा गोल काही दिसलं तर ते शून्यच, उभी दांडी दिसली तर तो आकडा १. झेरॉक्स मारून मारून पुसट झालेल्या आरसीवरून नंबर उतरवताना निम्म्या चुका इथेच होतात.

दहाव्या जागेवरून वर्ष ओळखायची युक्ती इंटरनेटवर जागोजागी सापडते. तिच्यावर विसंबू नका. कित्येक मारुतींच्या नंबरात त्या जागी नुसता शून्य असतो. पूर्ण नंबर टाकून शोध घेता येईल असाच कॅटलॉग वापरा. आणि जिथे ती सोयच नाही, तिथे ‘तुमच्या गाडीला बसेल’ असा हिरवा शिक्का कितीही ठसठशीत असला तरी तो फक्त तुम्ही निवडलेल्या नावाला लागू आहे, तुमच्या गाडीला नाही.

परदेशी कॅटलॉगवर डोळे झाकून विश्वास

बाहेरचे कॅटलॉग दिसायला छान असतात, चित्रं स्वच्छ, सगळं फुकट. पण त्यात भारतीय चेसिस नंबर टाकला की बऱ्याचदा काहीच सापडत नाही. मग आपण मिळतीजुळती युरोपातली गाडी निवडतो आणि तिथेच फसतो. फोक्सवॅगनची पोलो आपल्या चाकणला बनायची. नाव तेच, चेहरा तोच. पण आपल्याकडच्या नेहमीच्या पोलोला मागे ड्रम ब्रेक, तर युरोपातल्या वरच्या मॉडेलना मागेही डिस्क. परदेशी यादीत मागचे ब्रेक पॅड बघून ऑर्डर करणारा माणूस मला भेटलेला आहे. त्याच्या गाडीला ते पॅड बसवायला जागाच नव्हती.

फोक्सवॅगन, स्कोडावाल्यांसाठी एक कामाची गोष्ट: डिकीत स्टेपनीच्या जवळ किंवा सर्व्हिस बुकात एक कागदी स्टिकर असतो, त्यावर तीन-तीन अक्षरांचे कोड असतात. पुढच्या ब्रेकला दोन-तीन मापांच्या डिस्क दिसल्या तर कॅटलॉग शेजारी असाच कोड देतो. तो स्टिकरवर शोधायचा. स्टिकर धुवून गेला असेल तर चाक काढून डिस्कचा व्यास मोजायचा, दुसरा उपाय नाही.

हेडलाइट तर परदेशी यादीतून घेऊच नका. रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात त्या देशांतल्या दिव्याचा डिपर समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

चित्रातला आकडा म्हणजे पार्ट नंबर समजणं

कॅटलॉगमधलं चित्र म्हणजे गाडीचा सुटा करून मांडलेला संसार. प्रत्येक तुकड्याला बाणाने एक आकडा दिलेला असतो: १, २, ७, १२. हा आकडा फक्त त्या चित्रापुरता. शेजारच्या तक्त्यात त्या ७ समोर जो लांबलचक नंबर आहे तो खरा पार्ट नंबर. दुकानात फोन करून "सात नंबरचा बुश द्या" म्हणणारे लोक आहेत. हसू नका, मीही एकदा म्हटलंय.

तक्त्यात एका ७ समोर चार-चार ओळी असतात, आणि खरी मेख तिथे आहे. एका ओळीत ‘एबीएससह’ (एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), दुसरीत ‘एबीएसविना’, तिसरीत ‘अमुक महिन्यापर्यंत’, चौथीत ‘अमुक महिन्यापासून’. घाईत माणूस पहिली ओळ उचलतो. एबीएसचा फरक २०१९ च्या आधीच्या गाड्यांना विशेष नडतो, कारण तोवर एबीएस सगळ्या मॉडेलना सक्तीचं नव्हतं. वरच्या व्हेरिअंटला असायचं, खालच्याला नसायचं. बऱ्याच गाड्यांत पुढच्या चाकाच्या ड्राइव्ह शाफ्टवर (चाक फिरवणाऱ्या दांड्यावर) एबीएससाठी दातेरी चक्र असतं. ते नसलेला शाफ्ट व्यवस्थित बसतो, गाडी कात्रजचा घाटही चढते, फक्त डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा काही केल्या विझत नाही. मग लोक सेन्सर बदलत बसतात.

चित्रात काही तुकड्यांभोवती चौकट असते आणि चौकटीला स्वतंत्र आकडा असतो. त्याचा अर्थ तो सगळा संच एकत्र मिळतो. चौकटीतल्या एखाद्या तुकड्यासमोर नंबरच नसेल तर कंपनी तो सुटा विकत नाही. शोधत बसू नका. काही गाड्यांमध्ये लोअर आर्मचा बॉल जॉइंट असाच असतो: कंपनीकडून घ्यायचा तर अख्खा आर्म घ्या, नाहीतर बाहेरच्या ब्रँडचा सुटा बघा. ‘संख्या’ या रकान्यात २ लिहिलं असेल तर गाडीला असे दोन लागतात, पुडीत दोन मिळतात असं नाही. एक लिंक रॉड घरी आल्यावर हे कळतं.

आणि तुकड्यांच्या आसपासचे बारीक वॉशर, क्लिपा, बोल्ट यांच्याकडे बघा. ऑइल सोडायच्या नटाखालचा वॉशर, बंपरच्या प्लास्टिक क्लिपा, एकदा आवळले की पुन्हा वापरू नयेत असे काही बोल्ट, हे मुख्य पार्टसोबत येत नाहीत. दहा-वीस रुपयांच्या क्लिपेसाठी रविवारची गाडी सोमवारवर जाते.

डावं-उजवं

गाडीची डावी बाजू म्हणजे सीटवर बसून पुढे बघताना आपली डावी. बोनेटसमोर उभं राहून ठरवलं की उलटं होतं. गॅरेजमध्ये म्हणूनच ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘कंडक्टर साइड’ म्हणतात, आणि आपल्याकडे ते अचूक आहे. पण अमेरिकेतल्या वेबसाइटवरची ‘ड्रायव्हर साइड’ डावी असते. फोक्सवॅगनच्या जोडीने येणाऱ्या पार्टमध्ये शेवटचा अंक विषम असेल तर डावा, सम असेल तर उजवा. इतर कंपन्यांना हा नियम लावू नका.

नंबर थोडा वेगळा दिसला की घाबरणं, किंवा अजिबात न घाबरणं

जुन्या पार्टवर एक नंबर, कॅटलॉगमध्ये शेवटचा अंक निराळा. हे दर वेळी चुकीचं नसतं. कंपनी पार्टमध्ये बारीक सुधारणा करते आणि नवा नंबर जुन्याची जागा घेतो. ह्युंदाईच्या २६३००-३५५०३ या ऑइल फिल्टरच्या जागी पुढे शेवटी ०४ आणि ०५ असलेले नंबर आले. कॅटलॉग ‘याऐवजी हा’ असं स्पष्ट सांगत असेल तर निर्धास्त घ्या. मात्र ‘शेवटचाच तर अंक वेगळा आहे’ असं आपणच ठरवून घेऊ नका. शेवटच्या अक्षरांत रंग असतो, बाजू असते, कधी अख्खं वेगळं माप असतं.

एकच इंजिन, मग पार्टही एकच

फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्या जवळच्या रांजणगावातही बनायचं आणि पुंटोपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत होतं. मारुतीने तेच स्विफ्ट, रिट्झ, अर्टिगात वापरलं. त्यामुळे "पुंटोचा चालेल की" हे वाक्य पुण्यातल्या गॅरेजमध्ये फार ऐकू येतं. इंजिनच्या पोटातल्या वस्तू बऱ्याचदा चालतातही. पण पोटाबाहेर पडलं की कथा वेगळी. स्विफ्टच्या इंजिनाची ताकद ७५ पीएस, अर्टिगाच्या ९० पीएस, आणि दोघांचे टर्बो वेगळ्या जातीचे. माउंटिंग, पाइप, एअर फिल्टरचा डबा हे तर ज्या त्या गाडीचं. दुसऱ्या गाडीचा पार्ट चालतो असं कुणी म्हणालं तर दोन्ही गाड्यांचे पार्ट नंबर शेजारी ठेवून बघा. एक असतील तर प्रश्न मिटला, नसतील तर म्हणणाऱ्याला विचारा, त्याने स्वतः बसवलाय का.

जे अंगावर लिहिलंय ते न वाचणं

काही वस्तूंना गाडीचं नाव लागतच नाही. फॅन बेल्टवर ‘६पीके१०७०’ असं छापलेलं असतं: सहा खाचा, १०७० मिलिमीटर लांबी. बेअरिंगवर ६२०३ असेल तर आतला व्यास १७, बाहेरचा ४०, रुंदी १२ मिलिमीटर. ऑइल सीलवर ३५-५०-८ असेल तर आतलं, बाहेरचं माप आणि जाडी. जुना पार्ट रॉकेलने पुसा, मोबाइलने फोटो काढा, आणि त्या आकड्यावरूनच शोधा. वायरिंगच्या वस्तूंत सॉकेटचाही फोटो घ्या आणि आतल्या पिना मोजा. माझ्या आरशाच्या बाबतीत एवढं केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

खोकं आल्यावर

आधी गाडी उघडायची आणि मग खोकं, असं कधीच करू नका. खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढा. नवा-जुना शेजारी ठेवा: भोकं, उंची, सॉकेट, आट्यांची जाडी. सील तोडलेला किंवा ग्रीस लागलेला पार्ट बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत, आणि इलेक्ट्रिकल माल तर सहसा नाहीच.

पार्ट बसला आणि तरी डॅशबोर्डवरचा दिवा लागला, तर लगेच विक्रेत्याला शिव्या घालू नका. आजकाल पुष्कळ व्हील बेअरिंगच्या एका बाजूला एबीएससाठी चुंबकी पट्टी असते. डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. ती बाजू सेन्सरकडे न ठेवता उलटी दाबली की चाक मस्त फिरतं आणि एबीएसचा दिवा लागतो. बेअरिंग बरोबर, बसवणं चूक.

मी शेवटी काच निखळलेला जुना आरसा पिशवीत घालून नाना पेठेत गेलो. काकांनी तो उलटा करून पाहिला, आतून एक खोकं आणलं, पाच मिनिटांत काम झालं. चुकीचा आरसा मात्र परत गेला नाही, तो अजून माळ्यावर आहे. दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टचा, कंडक्टर साइड, इलेक्ट्रिक, इंडिकेटरवाला. कुणाला हवा असेल तर पिना मोजून या, आणि जुना घेऊन या.