सोलापूर पायी: पार्क चौक ते दत्त चौक, एका सकाळीत

सीना शहराबाहेरून वाहते. जुनं सोलापूर वसलं ते सिद्धेश्वर तलावाच्या काठाने, म्हणून ही फेरीही त्या काठानेच करायची. अंतर चार-साडेचार किलोमीटर, वेळ साडेतीन तास. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. उन्हाळ्यात सकाळी साडेसहालाच निघा, कारण दहानंतर किल्ल्यातला दगड तापतो आणि निम्मं पाहायचं राहून जातं.

सुरुवात पार्क चौकातल्या चार पुतळ्यांपासून. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. त्याआधी, मे १९३० मध्ये, सोलापुरात मार्शल लॉ लागला होता. कुर्बान हुसेन 'गझनफर' या वृत्तपत्राचे संपादक होते. त्यामुळे या शहराचा लेखनाचा इतिहास सांगायला हीच जागा पहिली.

तिथून जवळच भुईकोट किल्ला. तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा. बहुतेक जण बागेत फिरून परत येतात. तसं करू नका. बत्तीस खांबी इमारत आणि जुन्या देवळाचे कोरीव अवशेष यांना अर्धा तास द्या. एका खांबासमोर उभं राहून नक्षी बारकाईने पाहा. सकाळचं ऊन तिरपं पडतं तेव्हा कोरीव काम उठून दिसतं. भर दुपारी तेच सपाट वाटतं. तटावर चढू नका, दगड निसटलेले आहेत.

किल्ल्यातून होम मैदानाच्या कडेने तलावाकडे जा. पाण्याने वेढलेलं सिद्धेश्वर मंदिर म्हणजे बाराव्या शतकातल्या सिद्धरामांचं ठाणं. ते कन्नड वचनकार, म्हणजे वचनं नावाच्या छोट्या भक्तिपर रचना करणारे. 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' ही त्यांची अंकितमुद्रा, म्हणजे रचनेत सहीसारखी येणारी नाममुद्रा. मंदिरात अनवाणी जावं लागतं आणि फरशी तापते, म्हणून नऊच्या आत पोचा. संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत ही फेरी टाळा: रस्ते वळवलेले असतात, होम मैदान भरलेलं असतं. यात्रेच्या मिरवणुकीतले उंच नंदीध्वज पाहायचे असतील तर त्यासाठी वेगळा दिवस काढा. यात्रेतला अक्षता सोहळा, म्हणजे प्रतीकात्मक विवाह, होतो तो संमती कट्टा मात्र इतर वेळी निवांत पाहता येतो.

पुढे पंचकट्टा, विजापूर वेस, मधला मारुती. नकाशा गल्लीबोळांत गोंधळतो; चौकाचं नाव घेऊन विचारलेलं बरं, लोक हातातलं काम सोडून वाट दाखवतात. दुकानांच्या पाट्या वाचत चला, मराठीशेजारी कन्नड, तेलुगू, उर्दूही दिसेल. शाहीर राम जोशी (१७६२ ते १८१२) इथलेच, आणि घरी पुराणिकी असताना त्यांनी तमाशाचा फड गाठला. अकराच्या पुढे मधल्या मारुतीपाशी गाड्यांची दाटी होते, त्याआधी बाळीवेस गाठून मल्लिकार्जुन मंदिर पाहून घ्या.

शेवटी दत्त चौकातला शुभराय मठ. शुभराय महाराज कवी आणि चित्रकारही होते. मठ चालता आहे, फोटो काढण्याआधी विचारा.

नवी पेठ इथून जवळच. शेंगदाण्याची चटणी घ्यायची तर खलबत्त्यात कुटलेली मागा: चिमटीत दाबल्यावर तेल सुटलं पाहिजे. पाव किलो पुरे.