ठिपकेदार घोड्याची पैदास: अंगावरून आणि चाचणीतून जनुक कसे ओळखावे

ठिपकेदार शिंगरू हवे असेल, तर जोडी निवडताना केवळ ठिपके मोजू नयेत. अमेरिकेतील अ‍ॅपालूसा, डेन्मार्कमधील क्नाब्सट्रुपर आणि ऑस्ट्रियातील नोरिकर या जातींत पांढऱ्या अंगावर गडद ठिपके दिसतात त्यामागे ‘एलपी’ नावाचे एकच जनुक असते. त्याची एक प्रत असलेला घोडा आणि दोन प्रती असलेला घोडा यांच्यातला फरक केवळ रंगाचा नसून दृष्टीचाही असतो. म्हणून कोणत्या जनावरात किती प्रती आहेत, हे जोडी ठरवण्यापूर्वीच जाणून घ्यावे.

प्रथम घोड्याला दिवसाच्या उजेडात जवळून पाहावे. ओठ, नाकपुड्या, डोळ्यांच्या कडा आणि शेपटीखालची कातडी गुलाबी व काळसर अशी कबरी आहे का, पायाच्या खालच्या भागावर पांढरी खूण नसतानाही खुरांवर उभे फिकट-गडद पट्टे आहेत का, आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग ठळक दिसतो का, हे तपासावे. ही लक्षणे असतील तर अंगावर एकही ठिपका नसला तरी घोड्यात एलपी असण्याचा संभव मोठा आहे. काही शिंगरे जन्मतः एकरंगी असतात आणि पुढे वर्षागणिक त्यांच्या अंगात पांढरे केस मिसळत जातात. मात्र चेहऱ्याची हाडे उंचावलेली असतात तेथे रंग टिकून राहतो. आपल्याकडे ज्याला अबलख म्हणतात, त्या मोठ्या पांढऱ्या चट्ट्यांच्या घोड्याचे कारण वेगळ्या जनुकांत असते. तसेच वयाबरोबर घोडा पांढरा करणारे ‘ग्रे’ जनुक सोबत असेल, तर ठिपके हळूहळू झाकले जातात, त्यामुळे म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्यावरून निष्कर्ष काढू नये.

आता सर्वांत फसवणारा भाग. अंगावर जन्मतः किती पांढरा रंग असेल, हे बऱ्याच अंशी ‘पॅटर्न-१’ या दुसऱ्या जनुकावर ठरते. पण ते एलपीच्या सोबतीशिवाय काहीच दाखवत नाही. एलपीची एक प्रत आणि पॅटर्न-१ असेल, तर सर्वांगावर ठिपके असलेला, चित्त्यासारखा घोडा मिळतो. एलपीच्या दोन प्रती आणि पॅटर्न-१ असेल, तर ठिपके वाढत नाहीत, उलट जवळजवळ नाहीसे होतात आणि घोडा पांढराशुभ्र दिसतो. पुठ्ठ्यावरच पांढरी झूल असेल आणि तिच्यात एकही ठिपका नसेल, तरीही दोन प्रतींचीच शंका घ्यावी. थोडक्यात, भरगच्च ठिपक्यांचा घोडा बहुधा एका प्रतीचा असतो.

एलपी म्हणजे टीआरपीएम१ या जनुकातील बदल होय. त्यात विषाणूजन्य मूळ असलेला १३७८ अक्षरांचा डीएनएचा तुकडा शिरलेला आहे, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. या तुकड्यामुळे जनुकाचा संदेश अर्ध्यातच तुटतो. तेच जनुक डोळ्याच्या पडद्यातील पेशींनाही लागते, आणि अंधारात पाहणाऱ्या पेशींचा संदेश पुढे पोहोचवण्याचे काम तेथे त्याचे असते. एक चांगली प्रत असेल तर हे काम चालते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर घोडा जन्मापासून रातांधळा असतो. हा रातांधळेपणा वयाबरोबर वाढत नाही आणि बराही होत नाही. (ही ठेवण माणसाने पैदास करून घडवलेली नाही: फ्रान्समधील पेश मेर्ल गुहेत सुमारे २५,००० वर्षांपूर्वी रंगवलेले ठिपकेदार घोडे आहेत, आणि माणसाळवण्यापूर्वीच्या युरोपीय घोड्यांच्या अवशेषांतही एलपी सापडल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले.)

जोडीचा हिशेब सोपा आहे. दोन्ही पालक एका प्रतीचे असतील, तर प्रत्येक शिंगराला दोन प्रती मिळण्याची शक्यता चारात एक, एक प्रत मिळण्याची निम्मी आणि एकही न मिळण्याची पुन्हा चारात एक असते. दोन प्रतींचा नर आणि एकही प्रत नसलेली घोडी असेल, तर प्रत्येक शिंगराला नेमकी एकच प्रत मिळते, म्हणजे रातांधळेपणाची भीती राहत नाही. माझ्या मते हीच जोडी सर्वांत शहाणपणाची आहे. मात्र पॅटर्न-१ दोघांपैकी एकातही नसेल, तर भरगच्च ठिपक्यांची अपेक्षा ठेवू नये.

खात्री चाचणीनेच होते. आयाळीचे किंवा शेपटीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून, कोरड्या कागदी पाकिटात, घोड्याचे नाव लिहून जनुकचाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेला पाठवावेत; कापलेल्या केसांचा उपयोग नाही. एलपी आणि पॅटर्न-१ या दोन्ही चाचण्या मागाव्यात.

दोन प्रतींचा घोडा पाळायला काहीच हरकत नाही, पण सोय करावी लागते. संध्याकाळी अनोळखी कुरणात त्याला सोडू नये, कुंपण ठळक असावे, तबेल्यात मंद दिवा ठेवावा, अंधारात जवळ जाण्यापूर्वी आवाज द्यावा, आणि ट्रकमध्ये चढवायचे असेल तर उजेडीच चढवावे. एलपी असलेल्या घोड्यांना, विशेषतः दोन प्रतींच्या, डोळ्याच्या आतल्या भागाला वारंवार सूज येण्याचा धोकाही अधिक असतो. डोळा मिचकावणे, पाणी गळणे किंवा बुबुळ धुरकट दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावे, कारण प्रत्येक सूज दृष्टीचा काही भाग कायमचा नेऊ शकते. घोडा विकताना चाचणीचा कागद खरेदीदाराच्या हाती द्यावा.