पॅरिसमध्ये ‘शार्ल द गॉल’ला जाताना

‘शार्ल द गॉलला भेटू’ एवढंच ठरवून पॅरिसमध्ये घराबाहेर पडू नका. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष जनरल द गॉल यांचं नाव विमानतळाला आहे, विजय कमानीच्या चौकाला आहे, चौकाखालच्या स्टेशनाला आहे आणि सीन नदीवरच्या एका पुलालाही आहे. जानेवारी 2025 मध्ये गोव्याला आलेली फ्रेंच विमानवाहू नौकाही त्यांच्याच नावाची.

खरा घोटाळा विमानतळ आणि चौक यांत होतो. विमानतळ (सीडीजी) शहराच्या ईशान्येला सुमारे 25 किलोमीटरवर, रुआसीला. चौक शहराच्या पश्चिम भागात. पाटीवर ‘एरोपोर’ असेल तर विमानतळ, ‘एत्वाल’ असेल तर चौक.

विमानतळावरून चौकात जायला आरईआर (पॅरिसची उपनगरी रेल्वे) बी घ्या आणि शात्ले-लेज-आलला उतरा. त्याच स्टेशनात आरईआर ए धरा, पण सें-जर्मां-आं-ले, सेर्जी किंवा पुआसीकडे जाणारी. मधे फक्त ओबेर, की आलंच एत्वाल. वर आल्यावर कमान समोर दिसते म्हणून रस्ता ओलांडू नका: 12 रस्त्यांची वाहनं तिथे गोल फिरत असतात. शाँझेलिझे या रस्त्याच्या बाजूने भुयारी मार्ग आहे, तोच वापरा.

परतीला जास्त लक्ष ठेवा. आरईआर बीला औल्ने-सू-बुआनंतर दोन फाटे फुटतात. मित्री-क्ले लिहिलेली गाडी विमानतळावर जात नाही. चुकून बसलात तर औल्नेलाच उतरा आणि मागची विमानतळाची गाडी घ्या. टर्मिनल 2 साठी शेवटचं स्टेशन. टर्मिनल 1 किंवा 3 असेल तर त्याच्या आधीचं: 3 ला चालत जाता येतं, 1 ला सीडीजीव्हाल ही फुकट गाडी नेते.

विमानतळाचं तिकीट वेगळं असतं, 2025 मध्ये ते 13 युरो होतं. साध्या मेट्रोच्या तिकिटावर शहरातल्या स्टेशनात आत शिरता येतं, पण विमानतळावर बाहेरचं गेट उघडत नाही आणि दंड बसतो. नाविगो कार्ड (ज्यावर तिकीट भरतात ते) माणशी एक घ्या, बाहेर पडेपर्यंत हाताशी ठेवा.

हॉटेल किंवा ऑफिसच्या पत्त्यात ‘अव्हेन्यू शार्ल द गॉल’ दिसलं तर आधी पिनकोड बघा, कारण या नावाचे रस्ते फ्रान्समध्ये गावोगावी आहेत. पॅरिस शहराचा पिनकोड 75 ने सुरू होतो. 92200 असेल तर ते शेजारचं नुईयी. मेट्रो 1 ने ले साब्लोंला उतरा.